वामबाईची वाम

पाण्यावरचा कचरा काढायच्या जाळीला नऊ फुटी दांडा असतो आणि तो पेलायला मनगट लागतं, हे तिला पहिल्याच दिवशी मुकादमानं सांगितलं होतं. जाळी पाण्यातून ओढायची नसते, पाण्याच्या कलानं घ्यायची असते, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते ती दोन दांडे मोडल्यावर आपसूक शिकली. त्याला आता बावीस वर्षं झाली.

बाग शहराच्या मधोमध आहे. एका अंगाला बस डेपो, दुसऱ्या अंगाला चार मजली इमारतींची रांग, आणि त्यांच्या मागच्या गॅलऱ्या तळ्याकडे तोंड करून. तळं काही फार मोठं नाही. रमतगमत वळसा घातला तर दहा मिनिटं लागतात. रोज सकाळी सात वाजता ती गमबूट चढवते, पंपाच्या खोलीतून जाळी काढते आणि काठाकाठानं निघते. पानं, पिशव्या, चेंडू, चपला. एकदा दातांची कवळी निघाली. ती तिनं धुऊन खोलीच्या खिडकीत ठेवली. तीन दिवसांनी एक आजोबा आले, फुलझाडं बघितल्यासारखं केलं आणि कवळी खिशात टाकून चालते झाले. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, पण त्या तळ्याचं पाणी चाखायची छाती कुणाची झाली नसती. तिला मात्र त्यात काय आहे हे कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटायचं.

तिला वामबाई हे नाव पडलं अकरा वर्षांपूर्वी. उत्तरेच्या कोपऱ्यात, काठाच्या दगडांखाली, एका जुन्या पाइपाचं तोंड आहे. तळं भरून आलं की जादा पाणी त्यातून जातं. एका सकाळी, नुकतं फटफटलेलं असताना, तिची जाळी त्या तोंडाशी गेली आणि जाळीखालून काहीतरी सरकलं. दंडाएवढं जाड. सरकतच राहिलं, संपेचना. अर्ध्या दांड्याएवढं लांब भरलं असतं. मग पाइपाच्या अंधारात शिरलं आणि पाणी पुन्हा निर्लेप.

"पाणसाप असेल," माळी म्हणाला.

"सापाला डोक्यामागं पंख असतात का? हिला होते. दोन, इवले इवले, हलत होते. मासाच तो. वाम."

वाम म्हणजे सापासारखा लांब, बुळबुळीत मासा. नदीत असतो, खाडीत असतो. चार इमारती आणि एक बस डेपो यांच्यामधल्या तळ्यात तो कुठून येणार? झालं. त्या दिवसापासून तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. डेपोतले ड्रायव्हर कुंपणापलीकडून विचारायचे, "काय वामबाई, पिल्लं झाली का?"

"झाली की. तुझ्याच तोंडवळ्याची आहेत, घेऊन जा."

असं ती हसून परतवायची. पण पुन्हा कधी ती वाम दिसली नाही, हे तिला आतून सलत होतं.

यंदा वर्ष सुरू होताना तळ्याचा इंजिनिअर आला. उंच, बारीक, आवाज मऊ, पण एकदा बोललेलं मागं न घेणारा माणूस. म्हणाला, तळं रिकामं करायचं. दोन महिन्यांत. मशिननं गाळ उपसायचा, तळाला सिमेंट करायचं, जुना पाइप बुजवून नवा टाकायचा.

"आणि वाम?" तिनं विचारलं.

"बाई, अजून ते आहेच का तुमचं?"

"साहेब, मशिन फिरलं तर चिरडून जाईल हो ती."

इंजिनिअर हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो म्हणाला, "हे बघा, पाणी काढायच्या आधी तळ्यात काय काय राहतं याची पाहणी होणार आहे. तसा नियमच आहे. त्या यादीत जे येईल ते जपायला मी बांधलेला. यादीत नसेल त्याच्यासाठी मी मशिन कसं थांबवू? वरच्यांना काय सांगू, वामबाईनं बघितली होती म्हणून?"

म्हणजे आता सगळं त्या यादीवर होतं. नाव आलं तर वाम जगणार, नाही तर गाळाबरोबर ट्रकमध्ये.

पाहणीला विद्यापीठातली एक संशोधक बाई आली. पस्तिशीची, आखूड केस, पाठीवर हिच्याहून मोठी पिशवी. वामबाईनं पिशवीत डोकावून बघितलं.

"मॅडम, जाळं कुठंय तुमचं?"

"जाळं नाही आणलं मावशी. बाटल्या आणल्यात."

"बाटलीत मासा कसा मावायचा?"

"मासा नाही, माशाचं काहीतरी येईल. कातडीचे कण, अंगावरचा चिकटा, घाण. पाण्यात जो राहतो तो काही ना काही सांडत असतो. त्या प्रत्येक कणात त्याची ओळख असते, डीएनए. आम्ही पाणी बारीक गाळणीतून गाळतो आणि गाळणीवर जे राहील ते वाचतो."

वामबाईनं एक बंद बाटली उचलून उजेडाकडं धरली. "म्हणजे घरात शिरायचं नाही. दाराबाहेरच्या केराच्या बादलीवरनं ओळखायचं, आत कोण कोण राहतं."

संशोधक बाई हातमोजा अर्धा चढवून तशीच थांबली. "हे मी उद्या वर्गात सांगणार. माझ्या नावावर."

"सांगा. केर काय, कुणाच्याही नावावर खपतो."

तिथून दोघींचं जमलं. तळ्याच्या आठ जागा ठरल्या, प्रत्येक जागी तीन बाटल्या. दर जागेला नवे हातमोजे. लांबचं पाणी हाताला येईना, तेव्हा वामबाईनं बाटली जाळीच्या दांड्याला बांधून दिली. शेवटी संशोधक बाईनं एक वेगळी बाटली काढली. प्रयोगशाळेतून भरून आणलेलं स्वच्छ पाणी. ती तिनं काठावर उघडली, तेवढाच वेळ उघडी ठेवली आणि परत बंद केली.

"ही कशाला?"

"ही कोरी. आपल्या हाताचं, कपड्याचं काही बाटल्यांत पडलं असेल तर ते हिच्यातही सापडेल. साक्षीदार म्हणून आणायची."

घरी नवऱ्याला तिनं हे सगळं रंगवून सांगितलं. नवरा डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. निवृत्त झाल्यापासून घरातलं प्रत्येक यंत्र एकदा तरी टेबलावर उघडं पडलं होतं. त्या दिवशी पंख्याची पाळी होती.

"एक थेंब घेऊन सांगणार, तळ्यात कोण आहे?" त्यानं पाना खाली ठेवला. "मग आपल्या घरातलं पाणी दे तिला. माझा दहा नंबरचा पाना कुणी उचलला ते तरी कळेल."

"तुमच्याच खिशात आहे."

होता.

महिन्यानं संशोधक बाई कागद घेऊन आली. पंपाच्या खोलीत दोघी उलट्या बादल्यांवर बसल्या. खाली पंप घरघरत होता, वर ही वाचत होती. तिलापिया. गप्पी. बेडूक, दोन जातींचे. कासव. खंड्या, पाणकावळा, बगळा. उंदीर, मांजर, कुत्रा. कोंबडी.

"कोंबडी कुठनं आली?"

"कुणी काठावर बसून खाल्ली असेल, हात धुतले असतील. आणि माणूस. माणूस सगळ्या बाटल्यांत आहे."

"त्याला कुठं टाळता येतंय. आणि वाम?"

संशोधक बाईनं कागद उलटा केला, जणू मागं लिहिलेलं असेल. "नाही आली, मावशी."



"पण एक विचित्र निघालंय," ती पुढं म्हणाली. "बांगडा."

"काय?"

"बांगडा. समुद्रातला मासा. गोड्या पाण्यात एक दिवस जगायचा नाही. आणि आलाय तो नुसता नाही, धो धो आलाय. आमचे सर म्हणतात, नमुने खराब झाले, कुणाच्या तरी डब्यातलं सांडलं असणार, टाकून द्या सगळे. पण कोरी बाटली स्वच्छ आहे! आणि चोवीसपैकी तीनच बाटल्यांत आहे, उत्तरेच्या कोपऱ्यातल्या. तिथंच समुद्र कुठून आला, सांगा मला." तिचे डोळे चमकत होते. कोडं पडलं की काही माणसं तापतात आणि काही उजळतात. ही उजळणाऱ्यांतली.

वामबाई एकदम उठली आणि जाळी पुसायला लागली. जाळी कोरडीच होती. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाऊ घालणारीला खवखवायला लागलं होतं.

कारण बांगडा तिनंच आणला होता. एकदा नाही, रोज. अकरा वर्षं. बाजारातली मासळीवाली तिची जुनी मैत्रीण. सकाळी कामाला येताना वाटेवर तिच्याकडून बांगड्याची चार-पाच मुंडकी पिशवीत घ्यायची आणि पाइपाच्या तोंडाशी सोडायची. दुसऱ्या दिवशी ती नसायची. तेवढीच तिची खात्री, तेवढाच पुरावा. आणि काठावर फळा होता: 'पाण्यात खाद्यपदार्थ टाकण्यास सक्त मनाई.' पाव टाकणाऱ्यांना हीच हाकलायची. हीच वर्षातून एकदा त्या फळ्याची अक्षरं रंगवायची.

रात्रीचं जेवण तिला गोड लागेना. नवऱ्याला पिशवीचं माहीत होतं. रिकामी पिशवी घरी यायची, तिचा वास त्यालाच यायचा.

"गप्प बस," तो म्हणाला. "झाकली मूठ. फळा रंगवणारीच मुंडकी टाकते हे कळलं तर तुला घरी बसवतील."

"आणि तिचं काय?"

"अगं, यादीत तर ती आलीच नाही. उंदीर खात असतील तुझी मुंडकी."

"म्हणजे अकरा वर्षं मी उंदरांना जेवू घातलं?"

"मी तसं म्हणत नाही. असेल, म्हणतोय."

भांडी जरा जास्तच आवाज करत घासली गेली. नवरा महिनाभर उघड्याच पडलेल्या पंख्याचं पातं हातात घेऊन बसला. पात्याकडेच बघत म्हणाला, "डेपोत गाडी बंद पडून आली की मी ड्रायव्हरला पहिल्यांदा एकच विचारायचो. गाडीला काय झालं ते नाही. तू काय केलंस ते. खरं बोलला तर पाच मिनिटांत गाडी चालू. लाजला, लपवलं, की अख्खं इंजिन खाली उतरवायला लागायचं."

"मघाशी तर म्हणालात गप्प बस."

"ते नवरा म्हणून म्हणालो. हे मेकॅनिक म्हणून सांगतोय."

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, प्रयोगशाळेच्या दारात पाय ठेवला की तळव्याची धूळ ओढून घेणारी चिकट चटई. आत जायला बंदी. काचेपलीकडे संशोधक बाई पांढऱ्या कोटात, केसांवर टोपी, एका बोटाएवढ्या नळीत थेंब सोडत होती. वामबाईला वाटलं, एवढं सगळं सोवळं पाळून ही बसलीये आणि आपण पिशवीभर मुंडकी ओतून मोकळ्या.

ती बाहेर आल्यावर वामबाईनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "तो समुद्र मी आणलाय."

"म्हणजे?"

"बांगडा माझा. रोज टाकते, वामेला. रविवार सोडून. रविवारी सुट्टी असते."

"त्या दिवशी? बाटल्या भरल्या त्या दिवशीसुद्धा?"

"तुम्ही यायच्या आधी अर्धा तास. म्हटलं, आज पाहुणे येणार, तिनं बाहेर यावं. दोन जास्तच टाकली."

संशोधक बाईनं कपाळाला हात लावला. मग हसायला लागली. मग एकदम हसायची थांबली. "मावशी, तुम्हाला कळतंय का काय झालं? आमचं यंत्र पाण्यातल्या सगळ्यांना एकदम 'कोण आहे रे तिकडं?' असं विचारतं. ताजी मुंडकी, रक्त, मांस, म्हणजे कानाशी भोंगा लावल्यासारखं. बांगडा, बांगडा, बांगडा! त्यात एखादी वाम पाइपात गप्प पडून असेल, तर तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार?"

वामबाई भिंतीशी टेकली. "म्हणजे मीच झाकली तिला."

"असेलच असं नाही. पण असू शकेल."

"जगावी म्हणून टाकत होते गं मी."

पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'गं' निघालं. दोघींच्याही ते लक्षात आलं आणि कुणी दुरुस्त केलं नाही.

पुन्हा पाणी घ्यायचं ठरलं. पण दहा दिवस एकही मुंडकं नाही. पाण्यातला जुना बांगडा विरून जायला तेवढा वेळ द्यायलाच हवा. आणि इंजिनिअरकडून मुदत मागायची तर कारण लिहिणं आलं.

"तुमचं नाव नाही लिहिलं तरी चालेल," संशोधक बाई म्हणाली.

"लिही. नाही लिहिलंस तर तो माळ्याला धरेल, आणि माळी बिचारा मासे खातसुद्धा नाही."

इंजिनिअरनं पत्र दोनदा वाचलं म्हणे. मुदत दिली तीन आठवड्यांची. वामबाईला काहीच बोलला नाही, आणि हेच तिला बोलण्यापेक्षा जड गेलं.

ते दहा दिवस तिला पुरून उरले. बाजारातून जाताना मासळीवाली हाक मारायची, ही मान खाली घालून पुढं. पाइपाशी आली की जाळी हळू चालवायची. उपाशी असेल, निघून गेली असेल, मेली असेल. रोज दुपारी संशोधक बाईला फोन आणि रोज एक प्रश्न. वाम किती दिवस न खाता राहते? महिने काढते, मावशी. तिला ऐकू येतं का? येतं, पण वासावर जास्त चालते. वय किती असेल? तीस वर्षंही जगतात. एके दिवशी तिनं विचारलं, "पण ती जन्मली कुठं? या तळ्यात?"

"नाही. ही जात समुद्रात जन्मते. दोऱ्याएवढी असते तेव्हा नदीत शिरते, वर वर येते, गोड्या पाण्यात वाढते. आणि म्हातारपणी अंडी घालायला परत समुद्रात."

फोन ठेवल्यावर वामबाई कितीतरी वेळ त्या पाइपाकडे बघत राहिली. समुद्रातलं बाळ, आणि मुक्काम डेपोच्या मागं.

अकराव्या दिवशी दोघी कोपऱ्यात आल्या. या वेळी वरचं पाणी नको होतं, पाइपाच्या तोंडाशी, तळालगतचं हवं होतं. वामबाईनं बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली, दांड्यानं बाटली खाली उतरवली आणि तळाला टेकल्यावर बुचाची दोरी ओढली. बुडबुडे आले. संशोधक बाई म्हणाली, "याच कामाचं एक यंत्र आम्ही परदेशातून मागवतो."

"मागवा. दोरी संपली की माझ्याकडं या."

तीन बाटल्या, आणि एक कोरी. या वेळी तपासही निराळा होता. आधी गावभर दवंडी पिटली होती, कोण कोण आहे म्हणून. आता एकाच दारासमोर उभं राहून एकच नाव पुकारायचं होतं. ओ आली तर आली.

आठवड्यानं इंजिनिअरच्या कार्यालयात तिघं बसले. टेबलावर तळ्याचा नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट. संशोधक बाईनं कागद पुढं सरकवला. "वाम. तीनपैकी दोन बाटल्यांत. कोरी स्वच्छ."

वामबाईनं डोळे मिटले. टेबलाची कड तिनं धरून ठेवली होती, ती सुटली नाही.

इंजिनिअरनं चष्मा पुसला. "दोन बाटल्यांत आहे, तिसरीत नाही. म्हणजे दोन-तृतीयांश वाम आहे म्हणायची?"

सगळ्यांत मोठ्यानं वामबाईच हसली. इतकी, की शेजारच्या खोलीतला कारकून डोकावून गेला.

"एक का दहा? केवढी आहे?"

"ते पाणी सांगत नाही," संशोधक बाई म्हणाली.

"मेलेली असली तर?"

"हे कण फार दिवस टिकत नाहीत. आणि मेलेली असती तर आवाज बांगड्यासारखा मोठा आला असता. हा बारीक आहे. आमच्या मतानं ती तिथं आहे, आणि जिवंत आहे."

इंजिनिअरनं लाल पेन्सिल घेतली. उत्तरेच्या कोपऱ्याभोवती एक अर्धगोल काढला. इथं वाळूच्या पोत्यांचा बांध. आतलं पाणी उपसायचं नाही, मशिन बांधाच्या अलीकडेच थांबणार, सिमेंटही तिथवरच. मग त्यानं ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला आणि वामबाईपुढं ठेवला. लेखी ताकीद. तळ्यात खाद्य टाकल्याबद्दल.

तिनं चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत वाचलं. "साहेब, इथं चूक आहे. 'काही दिवसांपासून' लिहिलंय. अकरा वर्षं लिहा."

"बाई, मी तुम्हाला वाचवायला बघतोय."

"बघू नका. तिला वाचवलंत, पुरे."

त्यानं दुरुस्ती केली, तिनं सही केली. मग तो पुन्हा नकाशाकडे वळला. "जुना पाइप बुजवायचा होता. तिला परत समुद्राकडं जायचं असेल तर तो ठेवायला लागेल. पण..." त्यानं पेन्सिल पाइपावर टेकवली आणि रेघेबरोबर नेली. रेघ तळ्यातून निघून बागेच्या भिंतीपर्यंत आली आणि तिथं संपली. "हा जातो कुठं?"

संशोधक बाई वाकली. वामबाईही वाकली. भिंतीपलीकडे नकाशात फक्त कोरा कागद होता.

"नदीला मिळत असणार," संशोधक बाई म्हणाली. "नाहीतर ती आली कुठून?"

"मधेच फुटला असेल, बुजला असेल तर? माझ्याकडं याची काहीच नोंद नाही." इंजिनिअरच्या मऊ आवाजात पहिल्यांदाच काहीतरी सळसळलं. त्यानं घड्याळ बघितलं, नकाशाची गुंडाळी केली आणि उठला. "चला."

तिघं बागेच्या मागच्या फाटकातून बाहेर पडले. पहिल्या गल्लीत गटाराचं झाकण कोरडं ठणठणीत. दुसऱ्या गल्लीत झाकणच सापडेना, वर कुणीतरी दुकानाची पायरी बांधलेली. दुकानदार म्हणाला, "काय शोधताय?" "पाइप," एवढंच सांगून इंजिनिअर पुढं निघाला. खरं काय ते सांगायची सोय नव्हती. तिसऱ्या गल्लीत, एका शाळेच्या भिंतीखाली, गंजलेलं एक गोल झाकण होतं. वामबाई गुडघ्यावर बसली, झाकणावरची माती हातानं सारली आणि कान टेकवला. शाळेत कुणीतरी मोठ्यानं पाढे म्हणत होतं. तिनं हात वर करून दोघांना गप्प राहायची खूण केली.

"काय?" इंजिनिअर कुजबुजला.

"वाहतंय," ती म्हणाली, आणि त्यालाही कान लावता यावा म्हणून बाजूला सरकली.